काका, नंबर सांगा ना

कर्वेनगरात पोट साफ होण्याचं औषध घ्यायचं असेल तर आधी मोबाइल नंबर द्यावा लागतो. नंबर दिला की पडद्यावर नाव येतं, नाव आलं की इतिहास येतो, आणि इतिहास आला की काउंटरवरचा मुलगा सेवाभावाने, खड्या आवाजात विचारतो, "काका, मागच्या महिन्यातली ती मूळव्याधीची ट्यूबपण देऊ का?" मागे रांगेत कमिन्स कॉलेजच्या तीन-चार मुली उभ्या असतात. त्या उद्या इंजिनिअर होतील, परदेशी जातील, मोठमोठी कामं करतील. मी मात्र त्यांच्यापुरता कायमचा मूळव्याध.

खरं तर हा नंबर मागायचं काही कारण नसतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवलंय की मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. नंबर दिला नाही म्हणून माल नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आता काही अँटिबायोटिकं आणि झोपेच्या काही गोळ्या विकताना दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ती वही 3 वर्षं सांभाळावी लागते, हे मान्य. पण त्या वहीतसुद्धा पेशंटच्या मोबाइल नंबरची सक्ती नाही. आणि इसबगोल तर त्या यादीतच नाही. हे मी एकदा त्या मुलाला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टीम पुढेच जात नाही ना, काका." पुण्यात याआधी कोणाशीही वाद घालून हरलो असेन, पण समोर नसलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

यातली गंमत अशी, की हे पुण्यात चालतं. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये अशी पाटी लावणारं हे शहर. इथे पोस्टमनने "घरी कोण असतं?" असं विचारलं तर त्याला "तुम्हाला काय करायचंय?" हे उत्तर मिळतं. पण दाराबाहेर "मोफत" एवढा एक शब्द लिहिला की हेच शहर शुगरसकट सगळं लिहून देतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. अख्ख्या नोकरीत एका खातेदाराची शिल्लक त्यांनी दुसऱ्याला कळू दिली नाही. सख्ख्या मेव्हण्याची सख्ख्या बायकोलासुद्धा. सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत रक्तशर्करा तपासणीचं शिबिर भरलं, तेव्हा याच गृहस्थांनी टेबलावरचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला: नाव, फ्लॅट नंबर, जन्मतारीख, चालू असलेली औषधं, विमा आहे का, असल्यास कधी संपतो, वार्षिक उत्पन्न. उत्पन्नाचा आणि साखरेचा संबंध काय, हे त्यांनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात घरी फोन आला, तो काकूंनी घेतला. "मॅडम, सरांची शुगर बॉर्डरलाइन आहे ना, त्यासाठी आमच्याकडे एक प्लॅन आहे." सरांनी ही बातमी मॅडमपासून श्रीखंडापायी लपवून ठेवली होती. तेव्हापासून त्या घरात श्रीखंड येत नाही.

फोन येणं हा यातला हसण्यासारखा भाग. डिसेंबर 2016 मध्ये मुंबईच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कोणालाही उघडता येतील असे पडलेले सापडले. त्यात एचआयव्हीच्या तपासणीचेही होते, नावांसकट. कोणी मुद्दाम फोडले नव्हते. दार लावायचं राहून गेलं होतं, इतकंच. पुढच्या वर्षी संसदेने केलेल्या एचआयव्ही कायद्यात ही माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई आली. पण ज्याच्या शेजाऱ्याने तो रिपोर्ट वाचला असेल, त्याला त्या कलमाचा काय उपयोग?

कर्वेनगरात राहून हे सगळं होतं याचं मला जरा जास्त वाटतं. हे जुनं हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्व्यांनी 1900 साली आपला अनाथ बालिकाश्रम इथल्या माळावर आणला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव मुंबईत राहिले आणि 1921 मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक. नवऱ्याला, बायकोला, डॉक्टरला, कोणालाच विचारता येत नाहीत असे प्रश्न लोक त्यांना पत्राने विचारत. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी खटला गेला. पण मला नवल वाटतं ते त्या पत्रं लिहिणाऱ्यांचं. पाकीट एकाच टेबलावर उघडलं जाईल, या भरवशावर त्यांनी ते पेटीत टाकलं. आज तोच प्रश्न कोणी रात्री फोनवर शोधला, तर सकाळी दाते पंचांगाच्या पानावरसुद्धा त्याला त्याच दुखण्याच्या गोळ्यांची जाहिरात दिसते.

यावर आता कायदा आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले, आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्या अंगवळणी पाडायला 18 महिने मिळाले. (पाणीपट्टी भरायला आम्हाला इतके मिळत नाहीत.) कायदा वाचायला बसलो तर चक्क रंजक निघाला. त्यात एक उदाहरणच दिलंय: एक बाई डॉक्टरी सल्ल्याचं ॲप घेते, ॲप तिच्या फोनमधली सगळ्यांच्या नंबरांची यादी मागतं, ती हो म्हणते. तरीही ते 'हो' त्या यादीला लागू नाही, कारण खोकल्यावर इलाज करायला तिच्या नणंदेचा नंबर लागत नाही. नणंदेचं मी घातलं, बाकी कायद्यातलं आहे. शिवाय संमतीची सूचना मराठीत मागता येते. माहिती नीट सांभाळली नाही तर कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड.

मात्र आपल्यालाही 10 हजारांपर्यंत होऊ शकतो, आणि तो दुसऱ्याच माणसाचं सोंग घेऊन माहिती देण्यासाठीही आहे. आमच्या सोसायटीतले एक आजोबा सगळ्या दुकानांत बिनदिक्कत समोरच्या जोशांचा नंबर सांगतात. जोशांना दिवाळीत शुभेच्छा येतात त्या डायपरच्या कंपनीकडून. दोघांनाही मी कलम दाखवलं. आजोबा म्हणाले, "मी सोंग कुठे घेतो? मी फक्त नंबर सांगतो."

या सगळ्यात खरा उपाय मला सापडला तो मावशीकडे. ती हुजूरपागेत गणित शिकवायची. वनदेवीजवळच्या एका दुकानात मी तिला शुगर मोजायच्या पट्ट्या घ्यायला नेलं.

"आजी, नंबर?"

"तुझा काय?"

"माझा? माझा कशाला?"

"पट्टी चुकीची निघाली तर रात्री कोणाला विचारू? पूर्ण नावही सांग. वय? लग्न झालंय? घरी कोणाला शुगर?"

मुलगा मालकाकडे बघायला लागला. मावशीने पर्समधून पेन काढून बिलाच्या पाठीवर रकाने आखायला घेतले. मालक म्हणाला, "अरे, घे ना दहा वेळा एकच आकडा टाकून." मुलाने टाकला आणि पुढे न जाणारी ती सिस्टीम सुरळीत पुढे गेली. पडद्यावर त्या नंबराचा इतिहास उलगडला: ग्राइप वॉटर, गुडघ्याचा पट्टा, बीपीच्या गोळ्या, गरोदरपणाच्या चाचणीचं किट, टक्कल पडू नये म्हणून तेल आणि आता शुगरच्या पट्ट्या. अर्ध्या कर्वेनगराची दुखणी एकाच देहात. खाली जमलेले पॉइंट्स चार आकडी होते.

मावशीने चष्मा वर केला. "हे माझ्या बिलातून वजा कर," ती म्हणाली.