शक्तिमान आणि चौथं बटण

नोव्हेंबर २०२४मध्ये ६६ वर्षांच्या मुकेश खन्नांनी टीव्ही मालिकेतल्या 'शक्तिमान' या सुपरहिरोचा तांबडा पोशाख पुन्हा चढवला आणि इकडे पनवेल लोकलमध्ये एक चाहता कळवळला, "वय दिसतंय रे त्यांचं!" बोलणाऱ्याच्या स्वतःच्या शर्टाचं चौथं बटण पोटापुढे केव्हाच शहीद झालेलं.

१९९७ साली हीच चाहतेमंडळी ती मालिका नीट दिसावी म्हणून अँटेना फिरवायला कौलांवर चढत आणि नंतर अंगणात शक्तिमानसारखी भोवळ येईपर्यंत गरगर फिरत.

२०२२मध्ये सोनीने 'शक्तिमान'वर सिनेमा जाहीर केला. तेव्हापासून चाहत्यांच्या अटी ठरलेल्या: नवा नट नको, जुना थकलाय, इफेक्ट्स झकास हवेत, पण तेच जुने. (निर्मात्याला सलाम.)

लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा लोकलमधल्या त्या चाहत्याच्या धाकट्याने विचारलं होतं, "बाबा, हा मिक्सरसारखा का फिरतो?"

बाबांनी दोन दिवस अबोला धरला.