‘शेवटपर्यंत बघा’

आरे-वारेच्या किनाऱ्याचा पत्ता आता कोणाला विचारावा लागत नाही. व्हिडिओत ड्रोन वर गेला की खाली रत्नागिरी-गणपतीपुळे रस्ता, नकाशावरची खूण, जवळच्या होमस्टेचा नंबर, सगळं हजर. याच पट्ट्यात गौरी-गणपतीत रात्र रात्र जाखडी हा नाच-गाण्याचा फड रंगतो, शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष सवाल-जवाबात एकमेकांना घाम फोडतात. ही जाखडीही मोबाइलवरून नेटवर चढते. व्हिडिओचं नाव काय? ‘कोकणची जाखडी, नक्की ऐका, शेवटपर्यंत बघा’. शाहीर कोण, वाडी कुठली, साल कोणतं? लाइक करा, शेअर करा!

याउलट म्युझिकब्रेन्झ नावाचा संगीताचा माहितीकोश २००० सालापासून जगभरातले हौशी लोक फुकट भरताहेत. मैफलीत कोणी चोरून केलेलं ध्वनिमुद्रण असलं, तरी त्याची नोंद मात्र शिस्तीत: शीर्षकात आधी तारीख, मग जागा, शहर, देश. गायक वेगळा, गीतकार वेगळा, वादक त्याच्या वाद्यासकट. चुकलात तर दुसरा सभासद विरोधात मत टाकतो. राग-तालाचीसुद्धा सोय आहे. गंमत म्हणजे या कोशात गाणी साठवलेलीच नाहीत, आहे ती नुसती माहिती. आपल्याकडे गाणी ढिगाने, माहितीच्या नावाने शिमगा.

जाखडी तिथे नोंदवायची तर जरा पंचाईत होईल म्हणा. मूळ चालीच्या रकान्यात एखाद्या हिंदी सिनेमाचं नाव आलं, तर शाहीरबुवा भडकायचे.

पण ही शिस्त साहेबाकडून शिकायची गरजच नाही. शेवटच्या कडव्यात स्वतःचं, गुरूचं, गावाचं नाव गुंफायचं, ही शाहिरांची जुनी रीत. नोंद गाण्यातच शिवलेली! आणि व्हिडिओ टाकणारा कात्री लावतो ती नेमकी तिथेच. ‘शेवटपर्यंत बघा’ म्हणणाऱ्यानेच शेवट उडवलेला.

तेव्हा जाखडीची बारी उभी राहण्याआधी मोबाइलसमोर एवढंच बोला: तारीख, वाडी, शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला. अर्धं मिनिट लागेल, डेटाही फारसा जळणार नाही.

नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक हा व्हिडिओ उघडेल, तेव्हा त्याला मागच्या बॅनरवरून सगळ्या शुभेच्छुकांची नावं, पदं, पक्ष आणि हसरे फोटो व्यवस्थित मिळतील. फक्त त्यांच्यापुढे उभा राहून गातोय तो माणूस कोण, तेवढं विचारू नका.