भूक नाही, वेळ झाली

चिकलठाणा एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर चहा सांगितला जातो. सोबत खारी, नाहीतर कढईतून नुकती काढलेली भजी. भूक लागलेली असते का? बहुतेकांना नसते, कॅन्टीनमध्ये जेवण होऊन फार वेळ गेलेला नसतो. पण शिफ्ट सुटली, चार ओळखीचे जमले, पातेल्यात चहा उकळतोय, की हात आपोआप पुढे जातो. वाढत्या वजनाचं दुखणं या आपोआप पुढे जाणाऱ्या हातात आहे आणि आपण औषध शोधतो पावडरच्या डब्यात.

2011 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेमागृहात आलेल्यांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना आठवडाभर शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेसुद्धा ताज्याइतकेच खाल्ले. आवडले नाहीत तरी खाल्ले. तेच शिळे पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत समोर ठेवले, तेव्हा मात्र या लोकांनी हात आखडता घेतला. नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही तेच झालं. म्हणजे सवय जिभेवर कमी आणि जागेत, वेळेत, हाताच्या वळणात जास्त असते. म्हणूनच ‘मनावर ताबा ठेवा’ हा उपदेश मला निरुपयोगी वाटतो. ताबा ठेवायला मन तिथे हजर असावं लागतं. टपरीसमोर ते हजर नसतं.

आता चहाचा हिशेब करू. कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. दिवसाचे पाच चहा धरले तर 40 ते 50 ग्रॅम. महिन्याला एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून सव्वा ते दीड किलो साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरींच्या आहारात त्याचे 50 आणि 25 ग्रॅम होतात. आपला कोटा चहातच संपला. बिस्किटं, शिरा, वाढदिवसाचा केक अजून मोजलेलाच नाही. आणि ज्यांनी साखर सोडून गुळाचा चहा धरला आहे, त्यांनी मनाची समजूत घालू नये. वजनाच्या बाबतीत गूळ आणि साखर एकाच खात्यावर जमा होतात.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून दोन वेळा जेवण्याची पद्धत घरोघरी नेली. कडक भूक लागेल त्या दोन वेळा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. तिच्यावर वाद भरपूर झाले, आहारतज्ज्ञ दोन तट पाडून भांडले. माझं मत सांगतो. या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिने मधलं चरणं बंद केलं. बिनसाखरेच्या चहाला तिथे मोकळीक आहे, चहासोबतच्या खारीला नाही. अर्थात इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नयेत. साखर एकदम खाली आली तर जिवावर बेतू शकतं.

‘21 दिवसांत सवय मोडा’ हे वाक्यही आता पुरे झालं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात सापडतो. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ गळून पडला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील असं चित्र निघालं. त्याच अभ्यासातली दिलाशाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. आपल्याकडे मात्र एका लग्नाच्या पंगतीत नियम मोडला की दुसऱ्या दिवसापासून सगळंच सोडून द्यायची रीत आहे.

‘मी कुठे जाड आहे?’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं उदाहरण देतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच होता, 22.3. शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. 2004 साली दोघांच्या छायाचित्रासह ‘लॅन्सेट’ने हे छापलं. आपली हाडं-पेरं बारीक दिसतात आणि चरबी पोटात साठते. म्हणून भारतीयांनी काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा. कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटर ओलांडून गेली की सावध व्हायचं.

आणि आता घरातल्या बाईबद्दल. तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. कामगार वस्तीतल्या ज्या घरात नवरा फर्स्टला आणि मुलगा नाईटला असतो, तिथे चूल दिवसातून चार वेळा पेटते. पहाटेचा डबा, मुलगा आल्यावर त्याचा नाश्ता, दुपारचं, रात्रीचं. प्रत्येक वेळी ती भाजीची चव बघते, उरलेली अर्धी पोळी वाया जायला नको म्हणून तोंडात टाकते, लहानाच्या ताटलीतला भात खरवडून खाते. पातेलं घासायला टाकण्याआधी तळाशी राहिलेला चहासुद्धा तिच्याच कपात येतो. मग रात्री दहाला ती ‘जेवते’. दिवसभर काहीच खाल्लं नाही, असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. ते खाणं तिने खाणं म्हणून मोजलेलंच नसतं. तिला आहाराचा तक्ता देऊन उपयोग नाही. उरलेलं लगेच झाकून ठेवायला एक डबा आणि सगळ्यांबरोबर पाटावर बसायचा हक्क, एवढं तिला मिळालं तरी बरंच हलेल. हा हक्क घरच्या पुरुषांनी द्यायचा आहे.

नाईटवाल्यांची अडचण वेगळी आहे. रात्री दोन-तीन वाजता शरीर साखर नीट हाताळत नाही, दिवसा खाल्लेला घास आणि त्या वेळचा घास सारखा नसतो. शक्य असेल तर भरपेट जेवण शिफ्टला निघण्याआधी घरी करावं आणि मध्यरात्री ताक, फुटाणे, काकडी एवढ्यावर भागवावं. सकाळी सुटल्यावर टपरीवर थांबण्याचं वळण असेल तर दुसऱ्या गेटने, दुसऱ्या रस्त्याने घरी जावं. साधा उपाय आहे, पण पॉपकॉर्नच्या प्रयोगाने हेच दाखवलं. वाट बदलली की हात थबकतो. तपासणीलाही लांब जायची गरज नाही. चिकलठाण्यातच जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सगळे त्याला मिनी घाटी म्हणतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, असा सरकारचाच कार्यक्रम आहे.

पण सगळा भार एकट्या माणसावर टाकणं मला मान्य नाही. कंपनीच्या यंत्रातून चहा साखर घालूनच येत असेल, तर कामगाराने सवय मोडायची कशी? 1948च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद केली, तेव्हाच कॅन्टीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांच्या प्रतिनिधींना जागा ठेवली. तिथे बसणाऱ्या प्रतिनिधींनो, पुढच्या बैठकीत एकच विषय लावून धरा: चहा बिनसाखरेचा द्या, साखर बाजूला बरणीत ठेवा. ज्याला हवी तो आपल्या हाताने घालून घेईल.