कोनाले सांगू नोका

विदर्भातल्या माणसानं आपण जुगाराला नवखे असल्याचा आव आणू नये. नळराजा आमचा जावई. त्याला द्यूतात गुंतवून कलीनं त्याचं राज्य घालवलं. पुढं बाहुक नावानं सारथी होऊन त्यानं ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे असा पिटाळला, की वाटेत राजाचं उपरणं उडालं तर ते उचलायला थांबू म्हणेपर्यंत योजनभर मागे पडलं होतं. त्याच प्रवासात दोघांमध्ये विद्येची अदलाबदल ठरली. नळानं घोड्यांचं मर्म दिलं, फाशांचं घेतलं. दुसरा आमचा रुक्मी, रुक्मिणीचा भाऊ. बलरामाशी खेळताना हरला तरी ‘मीच जिंकलो’ म्हणून बसला. आकाशवाणीनं खरा निकाल सांगितला, तर तोही मानेना, आणि शेवटी बलरामाच्या हातून मेला. घोडे, फासे, लबाडी आणि हरल्यावरची कुरकुर, सगळं आमच्या मातीतलं. मला त्यातलं फक्त शेवटचं जमतं.

तर नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या पानठेल्यावर एक भाऊ येतात. पन्नीत खर्रा घोटता घोटता ते जगाच्या आतल्या गोष्टी सांगतात. एकदा म्हणाले, “मुंबईले चालले म्हने तुमी?”

“हो, ऑफिसचं काम आहे.”

“मंग रविवार पाहूनच या. महालक्ष्मीले पाचवी रेस, सात नंबर. बाकीचे दोन घोडे खेचनार हायेत. घरची टिप हाये भाऊ. कोनाले सांगू नोका.”

घरची म्हणजे कोणाच्या घरची, हे मी विचारलं. भाऊंच्या मावसभावाचा मेव्हणा पुण्यात घोड्यांना नाल ठोकणाऱ्याच्या शेजारी राहत होता. मला ते पुरेसं वाटलं.

मी सरळमार्गी माणूस. रेस म्हणजे सगळं फिक्स, सगळी लबाडी, असं मी आयुष्यभर चारचौघांत सांगत आलो आणि म्हणूनच तिकडे फिरकलो नाही. आता तीच रेस खरोखर फिक्स आहे अशी खात्री पटली, तेव्हा तिकीट काढलं.

शिवाय नागपूरकराला टिपेवर अविश्वास दाखवायची सोयच नाही. 21 जानेवारी 2007 ला सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर भारत-वेस्ट इंडिज सामना झाला. त्याच्या आधी वेस्ट इंडिजचा मार्लन सॅम्युअल्स एका बुकीशी फोनवर काय बोलला, ते नागपूर पोलिसांनी टेप करून ठेवलं होतं. मे 2008 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. सामन्याच्या दिवशी मी स्टँडात शेंगदाणे खात गांगुलीच्या 98 ला टाळ्या वाजवत होतो, चंद्रपॉलच्या नाबाद 149 नं घाबरत होतो. आपण 14 धावांनी जिंकलो, धावाही खऱ्याच होत्या. पण टेपची बातमी वाचल्यावर मला संताप कशाचा आला? आपल्या गावातल्या कोणाला तरी आतली खबर होती आणि ती माझ्यापर्यंत आली नाही, याचा. ते शल्य घेऊन मी महालक्ष्मीला उतरलो.

1883 पासून त्या मैदानावर घोडे धावताहेत, आणि मला वाटतं तेव्हापासूनची काही माणसं अजून तिथंच रेसबुकात डोकं घालून उभी आहेत. मीही एक पुस्तक घेतलं. सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ असल्याचा निकाल दिलाय, त्यामुळे चेहरा अभ्यासू ठेवला. शेजारच्या काकांनी मला हँडिकॅप समजावला: चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, हलक्याला कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. मी मान डोलावली, पण मनातून हादरलो. इतकी समता असेल तर आपल्या टिपेचं काय?

मग बुकींच्या दराच्या फळ्याकडे पाहिलं. सात नंबर सगळ्यात आवडता! रुपयाला जेमतेम रुपया. सक्करदऱ्याच्या पानठेल्यावर कानात सांगितलेली गोष्ट मुंबईतल्या प्रत्येक बुकीला आधीच ठाऊक होती. ‘कोनाले सांगू नोका’ भाऊ नेमकं किती जणांना म्हणाले असतील, याचा हिशेब त्या फळ्यावर ढळढळीत लिहिला होता. शहाणा माणूस तिथूनच परतला असता. मी म्हटलं, एवढ्या लोकांना ठाऊक आहे म्हणजे लबाडी पक्की आहे. आणि 5,000 रुपये विनवर लावले.

घोडे सुटले. शेवटच्या सरळ पट्टीत सात नंबर आणि तीन नंबर जोडीनं आले. सात जरासा तिरपा होऊन तिनाच्या अंगावर गेला, तिनाचं पाऊल अडखळलं, आणि सात मानभर पुढे संपला. मी काकांना मिठी मारली. पैशाची मांडणी मनात सुरूही झाली होती: अर्धे घरी, अर्धे पुढच्या रेसला.

इतक्यात भोंगा वाजला. मागोमाग लाउडस्पीकरवर आकाशवाणी: तीन नंबरच्या जॉकीनं आक्षेप घेतलाय, तिकिटं फाडू नका.

स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, आत बसून शर्यतीची फिल्म पाहत होते. बाहेर मी देवाला विनवत होतो, की हे लोक निदान थोडे तरी भ्रष्ट असू देत. एखादा तरी ओळखीचा निघू दे. नाही निघाला. आक्षेप मान्य झाला. पहिल्या दोन क्रमांकांची अदलाबदल. तीन पहिला, सात दुसरा, माझं विनचं तिकीट रद्दी.

“चीटिंग आहे ही!” मी ओरडलो.

काका शांतपणे म्हणाले, “अहो, चीटिंग पकडली त्यांनी.”

“तेच म्हणतोय मी!”

लबाडीनं बुडालेले पुष्कळ असतील. मला बुडवलं ते निव्वळ प्रामाणिकपणानं. घोड्यावर राग काढता येईना, तो बिचारा पहिलाच आला होता. जॉकीवर काढावा, तर त्यानं माझ्या अपेक्षेपेक्षा जास्तच केलं होतं. राहता राहिले ते नियम पाळणारे तीन-चार गृहस्थ. परतीच्या गाडीत भेटेल त्याला मी सांगत आलो, की रेसमध्ये काही दम राहिला नाही. बडनेऱ्यापर्यंत एकाही प्रवाशाला माझी बाजू पटली नव्हती.

पानठेल्यावर भाऊंना जाब विचारला. खर्रा गालात ठेवत ते म्हणाले, “टिप तं बराबर होती ना. घोडा आला ना पयला? मंग?” यावर रुक्मीच्या गाववाल्यानं काय बोलावं?

आता भाऊंनी घोडे सोडलेत. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली, 2023 मध्ये घटनापीठानंही राज्याचा कायदा उचलून धरला, आणि विदर्भात शंकरपट पुन्हा भरू लागले. तिथं टोटची तिकीट-खिडकी नाही, जॉकी नाही. छकडीला जुंपलेली जोडी, धुरकरी, आणि किती सेकंदांत पट मारला ते मोजणारं घड्याळ. यात लबाडीला जागाच नाही, असं मी म्हणालो. भाऊ हसले आणि कानाशी वाकले. येत्या पटाला एक जोडी आहे म्हणे. घरची टिप.

मी जाणार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, कोणाला यायचं असेल तर कळवा. फक्त घड्याळ कोणाच्या हातात असतं, ते तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर आधी सांगा.