सुशील ऋणको

महाराष्ट्र शासनाच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्जाचा अंदाज 9 लाख 32 हजार कोटी रुपयांवर गेलेला पाहून ज्या भित्र्या जीवांचे धाबे दणाणले, त्यांच्या समाधानार्थ अर्थशास्त्राने एक मात्रा सिद्धच ठेवली आहे. ती अशी की, हे ऋण राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत असून मर्यादा 25 टक्क्यांची असल्यामुळे सरकार ऋणको खरे, परंतु सुशील ऋणको होय. स्थूल उत्पन्न म्हणजे परभणीच्या मोंढ्यातील आडत्यापासून मुंबईच्या शेअरदलालापर्यंत समस्तांची कमाई. तीतून खजिन्यात महसूल म्हणून जमा होणार ते सुमारे 5 लाख 61 हजार कोटी. कर्जाला या रकमेने भागले असता उत्तर दीडपटीहून अधिक येते, आणि म्हणूनच बहुधा तसे भागण्याचा प्रघात नाही.

हीच मात्रा घेऊन जिंतूरकडचा एखादा कास्तकार बँकेत गेला आणि ‘साहेब, माझं कर्ज अख्ख्या शिवाराच्या उत्पन्नाच्या मानानं काहीच नाही’ असे विनवू लागला, तर साहेब त्याच्या सातबाऱ्यावरील बोजाकडे बोट दाखवतील. मार्चअखेर हातउसने आणून पीककर्ज भरायचे आणि लगेच पुन्हा उचलायचे, हे त्याचे नवे-जुने निंद्य ठरते. सरकार मुदत भरलेले रोखे नवे रोखे विकून फेडते, ते मात्र ऋणव्यवस्थापन. त्यातही त्याच वर्षीची महसुली तूट 45,891 कोटींची, अर्थात नव्या कर्जाचा बराच अंश कालव्यांऐवजी पगार, निवृत्तिवेतन, अनुदाने आणि व्याज यांतच जिरणार. वाढीचा दर व्याजदराहून चढा राहिला म्हणजे सारे निभावते, असे तज्ज्ञ सांगतात. कास्तकारही मृगात पेरताना नेमके हेच गृहीत धरतो.

या मुलखाला हा विषय नवा नाही. हिंगोली, जी 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, तेथील छावणीतल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील कंटिन्जंट फौजेचा पगार निजाम सरकारच्या माथी होता. दौलत अफाट, परंतु पगाराच्या दिवशी खजिन्यात खडखडाट, आणि थकबाकीचा हिशेब मांडणारी, तो तपासणारी व वसूल करणारी कंपनी सरकार एकच. परिणामी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. 1860 साली सुमारे 50 लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र परतले नाही. 1902 साली कर्झनसाहेबांनी ते सालीना 25 लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. सुदैवाने 1956 पासून मराठवाडा आणि वऱ्हाड एकाच राज्यात नांदत आहेत, तेव्हा तारण काय दाखवावे ही विवंचना तरी आमच्या वित्त विभागाला पडण्याचे कारण नाही.