आपला गडी बाद, आपलीच टाळी

अंगात मुंबईचा निळा टी-शर्ट. मुंबईचा सलामीवीर त्रिफळाचीत झाला आणि या पोरानं टाळी वाजवली. बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरच्या स्टेशनाकडचं चहाचं हॉटेल, आयपीएलची संध्याकाळ. शेजारचा चक्रावला. "आरं, तू मुंबईवाला ना?" पोरगं म्हणालं, "व्हय. पण आज बॉलर आपला कॅप्टन हाय."

त्या पोरावर माझा राग नाही. ही टाळी त्याला ज्यांनी शिकवली, त्यांच्यावर आहे. ज्या संघाचा टी-शर्ट घातला त्याच संघाची विकेट पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसायला लावणारा धंदा देशात काही वर्षं उजळ माथ्यानं चालला. वर त्यालाच क्रिकेटप्रेम म्हणायचं, असा त्याचा आग्रह होता.

ज्यांनी फँटसी क्रिकेटच्या ॲपवर कधी टीम लावली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही संघांच्या बावीस खेळाडूंमधून अकरा निवडायचे. प्रत्येकाची किंमत ठरलेली, खिशात शंभर क्रेडिट. एक कॅप्टन, त्याचे पॉइंट दुप्पट. एक व्हाइस कॅप्टन, त्याचे दीडपट. सात वाजता टॉस, लगेच लाइनअप, साडेसातला दार बंद. मधला अर्धा तास गावात "लाइनअप आली का?" एवढा एकच प्रश्न फिरायचा. मेगा कॉन्टेस्टची प्रवेश फी तेव्हा ४९ रुपये, म्हणजे भज्यांच्या दोन प्लेटींचे पैसे. पहिलं बक्षीस कोटीचं. एकाच सामन्याला दहा-दहा टीम लावणारे होते, आणि प्रत्येक टीममध्ये कॅप्टन वेगळा. आता सांगा, दहा कॅप्टन असलेल्या माणसानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं?

मग तो ओरडतच नसे. हॉटेलात टीव्ही भिंतीवर आणि माना खाली, फोनात. "स्कोअर काय झाला?" हे विचारणं मागे पडलं, "पॉइंट किती झाले?" एवढं उरलं. आपले दोन-तीन गडी लवकर बाद झाले की सामना ऐन रंगात असताना पोरं उठून घरी जायची. त्यांचा सामना तिथंच संपलेला असायचा.

कंपन्यांचं म्हणणं असं, की फँटसीमुळं लोक जास्त सामने बघतात. बघतात, ते मी मान्य करतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मोठं क्रिकेट बंद पडलं, तेव्हा आपली पोरं कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरची व्हिन्सी प्रीमियर टी-टेन बघत होती. तिथले गोलंदाज कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी त्यांची नावं पाठ झाली. पण त्यातला एक तरी खेळाडू आज कुणाला आठवतो का? संध्याकाळी ओळख, सकाळी विसर.

पॉइंटांत न दिसणाऱ्या खेळाचं याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. भारताचा माजी क्रिकेटपटू संजय बांगर जन्मानं बीडचा. ऑगस्ट २००२, लीड्सचं हेडिंग्ले मैदान, कसोटी सामना, ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी. सेहवाग लवकर गेला. बांगरनं २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या आणि द्रविडबरोबर १७० धावांची भागी रचली. मग द्रविडचे १४८, सचिनचे १९३, गांगुलीचे १२८, आणि भारताचा एक डाव ४६ धावांनी विजय. आता तो डाव पॉइंटांत मोजा. धावेला एक पॉइंट धरला तर ६८. ऑफ स्टंपबाहेरचे जे चेंडू त्यानं मोह आवरून सोडले, त्यांचे शून्य. चेंडू जुना करून दिला, मागच्यांना मोकळं मैदान करून दिलं, त्याचेही शून्य. फँटसी खेळणाऱ्याच्या हिशेबात बांगर म्हणजे जागा अडवणारा गडी. ज्यांनी तो सामना त्या वेळी पाहिला, त्यांच्या लेखी तो विजयाचा पाया होता. पॉइंटांचा तक्ता डोक्यात बसला की बघणाऱ्याला सोडलेला चेंडू दिसेनासा होतो, आणि क्रिकेटमधलं अर्धं शहाणपण तर सोडलेल्या चेंडूतच असतं.

सचिन धसचंही तेच. हाही बीडचा. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, १९ वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी. समोर यजमान दक्षिण आफ्रिका, लक्ष्य २४५, आणि भारत ४ बाद ३२. तिथून उदय सहारणबरोबर या पोरानं १७१ धावांची भागी केली आणि ९६ वर बाद झाला. भारत दोन गडी राखून जिंकला. शतक चार धावांनी हुकलं म्हणून जिल्ह्यात हळहळ झाली, आणि ती खरी होती, कारण पोरगं आपलं होतं. त्याच चार धावांसाठी दुसरीही एक हळहळ असते: शतकाचा बोनस गेला. दोन्ही माणसं एकाच क्षणी कपाळाला हात लावतात. पण पहिला आयुष्यभर सांगतो, "आपल्या सचिननं ९६ मारले होते." दुसरा पुढच्या सामन्याला दुसरा गडी घेतो.

हा दुसरा माणूस पुढं कुठं जातो तेही पाहिलंय. गडी शून्यावर गेला की त्याच्या इन्स्टाग्रामवर जाऊन आई-बहिणीवरून शिव्या, "तुझ्यामुळं माझे पैसे बुडाले" म्हणून. हरलेल्या खेळाडूवर चाहते पूर्वीही चिडत, त्याचे पुतळे जाळत. ते वाईटच होतं. पण त्या रागात निदान संघ हरल्याचं दुःख असायचं. या रागात वसुली आहे.

पैसे नसले तर खेळाची गोडी जाते का? याचं उत्तर आपल्याच रुळांवर सापडतं. परळीहून निघालेली विकाराबादची गाडी घाटनांदूर, लातूर रोड, उदगीर, बिदर करत जहिराबादच्या बाजूनं तेलंगणात शिरते. तेलंगणानं २०१७ मध्येच कायदा बदलून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. फोनचं लोकेशन तिकडं गेलं की ४९ ची टीम लागतच नसे. म्हणून हैदराबादचं क्रिकेटवेड कमी झालं का? २७ मार्च २०२४ ला उप्पलच्या मैदानावर हैदराबादनं मुंबईविरुद्ध ३ बाद २७७ केले, तेव्हा तिथला नारिंगी जल्लोष अख्ख्या देशानं पाहिला.

आणि ज्या खेळावर कुणी ४९ रुपये लावत नव्हतं, त्याचं काय? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला ३००० मीटर स्टीपलचेस धावला आणि केनियाच्या धावपटूच्या मागं पाच शतांश सेकंदांनी राहिला. रौप्य मिळालं. ते शेवटचे शंभर मीटर पाहताना माझा घसा बसला. तोपर्यंत स्टीपलचेसमधला पाण्याचा अडथळा मला नीट कळतही नव्हता. पाटोद्याच्या राहुल आवारेची कुस्ती अशीच पाहिली. २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. या माणसांसाठी जीव टांगणीला लागतो तो कुठल्याही क्रेडिटशिवाय.

मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फँटसीला कौशल्याचा खेळ म्हटलं. असेल कौशल्य. सट्टा की कौशल्य हा न्यायालयातला प्रश्न होता. माझा प्रश्न त्या टाळीचा आहे, आणि टाळीवर कुठल्या न्यायालयात सुनावणी होत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला फँटसीत दीड कोटी लागले. पुढं त्याचं निलंबन झालं, पण पोरांनी लक्षात ठेवले ते दीड कोटी. रोज ४९ घालवणाऱ्यांची बातमी कुणी छापली नाही.

२२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि ड्रीम इलेव्हन या फँटसी कंपनीनं पैशांचे कॉन्टेस्ट थांबवले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, हे या कायद्यातलं मला सर्वांत पटलेलं कलम. उशीर मात्र फार झाला. तोवर या कंपनीचं नाव २०२० च्या आयपीएलवर लागून गेलं होतं आणि २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर होतं. ज्यांचे फोटो भिंतीवर लावून आपली पोरं पुजतात, त्याच खेळाडूंनी टीव्हीवर येऊन टीम लावायला सांगितलं होतं. घाटनांदूरच्या पोरानं दुसऱ्या कुणाचं ऐकायला हवं होतं?

कायदा आला, छातीवरचं नाव उतरलं, आणि महिन्याच्या आत क्रिकेट मंडळाला टायर कंपनी मिळाली. मंडळाचं नुकसान भरून निघालं. जाहिराती केलेल्यांपैकी एकानं तरी कॅमेऱ्यासमोर येऊन त्या पोरांना म्हणावं, "आम्ही चुकीचं सांगितलं होतं, पैसे घेऊन सांगितलं होतं." त्याच चॅनेलवर, त्याच साडेसातच्या वेळेला, तेवढेच तीस सेकंद.