दोन्ही बाजू

"त्यांच्याशी वाद घालू नका," डॉक्टर म्हणाले. गोळ्यांची चिठ्ठी मी निमूटपणे घेतली होती, पण हे पथ्य ऐकून घाम फुटला. दादाशी वाद घालायचा नाही, तर मग बोलायचं काय? आमचं सगळं बहीणभावंडपण त्यावरच पोसलेलं. ट्रान्झिस्टर कोणी पाडला, आईच्या आमटीत चिंच असायची की आमसूल, गिरगाव सोडून खाडीपलीकडे सिडकोचं घर घेणं हे शहाणपण की खूळ. १९९२ साली वाशीपर्यंत लोकल आली तेव्हा दादाने चाळीत पेढे वाटले, ते लोकल आली म्हणून नव्हे, मी हरले म्हणून.

दादा आता सत्तावन्नचा आहे. डिमेन्शिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऐंशीचे आजोबाच येतात. पण अल्झायमर ज्या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो, त्यांच्याकडे १९०१ साली आलेली ती पहिली पेशंट, ऑगस्टे डेटर, अवघी ५१ वर्षांची होती. पासष्टीच्या आत सुरू झाला तर तो तरुणपणीचा डिमेन्शिया. सत्तावन्नाव्या वर्षी तरुण म्हणवून घ्यायची ही एवढीच सोय. दादाचा प्रकार वेगळा आहे, फ्रंटोटेम्पोरल. मेंदूचा पुढचा आणि कानशिलांकडचा भाग झिजत जातो. आठवणी सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत राहतात. आधी जाते ती भीडभाड, आणि समोरच्याला काय वाटेल याची जाणीव. गोडाची हाव सुटते, आणि ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी झालीच पाहिजे असा हट्ट येतो. नेरुळमधल्या सिडकोच्या एकसारख्या इमारतींत भली भली माणसं चुकतात. दादा चुकत नाही. साडेपाचला निघतो, ज्वेल बागेतल्या तळ्याला फेरी मारतो आणि त्याच बाकावर बसतो. तिथे दुसरं कुणी बसलेलं असेल तर त्याला उठवतो.

सोसायटीच्या सभेत त्याने सेक्रेटरींना त्यांचा विग तिरका बसतो असं सांगितलं. मी माफी मागितली. घरी परतताना दोन शेजारणींनी माझा हात हळूच दाबला. ते सांत्वन होतं की अभिनंदन, कळलं नाही.

गेल्या भाऊबिजेला मी ओवाळलं. त्याने तबकात पाचशेची नोट टाकली. मी नमस्काराला वाकले आणि वर बघते तो नोट परत त्याच्या खिशात, तोंडात करंजी. स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग आठवलं, तिसरीत असताना बाबांनी ओवाळणीसाठी दिलेला रुपयाही त्याने असाच पळवला होता. आता यातला आजार कुठला आणि दादा कुठला, हे कुठल्या स्कॅनमध्ये दिसणार?

सासूसासऱ्यांचं करावं, नवऱ्याचं करावं, याची तालीम आम्हाला लहानपणापासून मिळते. भावाचं करायला ना व्रत ना कहाणी. त्याच्यासाठी वर्षाकाठी एक दिवस, तोही घेण्याचा. वर्डस्वर्थचं मात्र कौतुक वाटतं. ज्या डॅफोडिल्सनी आपल्याला शाळेत छळलं, ती त्याच्या बहिणीने, डोरोथीने, १८०२ च्या रोजनिशीत आधी टिपली होती. पुढे १८३५ च्या सुमारास तिचं मन ढासळलं. काही अभ्यासक तो डिमेन्शियाच मानतात. १८५० मध्ये तो जाईपर्यंत भावाने तिला घरातच सांभाळलं. प्रत्यक्ष उस्तवार त्याची बायको मेरी किती करत असेल, हा प्रश्न मी आपला विचारून ठेवते.

भावंडांना आणखी एक धास्ती असते, ती नवऱ्या-बायकोला नसते. ज्या थोड्या घरांत हा आजार एकाच जनुकातून उतरतो, तिथे आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. आमच्या घरात तसं काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तरी चावी सापडेना की माझ्या पोटात गोळा येतो. वास्तविक चावी विसरणं हे दादाच्या आजाराचं ठळक लक्षणच नाही, चावी त्याच्या बरोबर लक्षात असते. मी घाबरायचं तर लोकांना तोंडावर खरं बोलायला लागले तेव्हा. अलीकडे थोडं बोलते.

राहता राहिला वाद. त्यावर मी तोडगा काढला आहे. बाकावर बसल्या बसल्या आता दोन्ही बाजू मीच मांडते. दादाचे मुद्दे मला तोंडपाठ, त्याचं ते "मुळात तुला कळतच नाही" सुद्धा. तो चिक्की खात समोरच्या पाण्याकडे बघत असतो. रागही मीच दोघांचा काढते, आणि घरी येताना हलकं वाटतं. गंमत म्हणजे पूर्वी मला पोकळ वाटणारे त्याचे मुद्दे माझ्या तोंडून चांगलेच वजनदार वाटतात.

परवा चुलतभावाचा फोन आला, गावचं घर विकायचं का म्हणून. या घरावरून दादाची आणि माझी वर्षानुवर्षं जुंपलेली. मी दादाचं म्हणणं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं : वाट, विहीर, फणस, सगळं.

"अगं, पण तू तर विकायच्या बाजूची ना?" तो म्हणाला.

"आहेच," मी म्हटलं, "पण आज दादाची पाळी आहे."